बेंचवरचा रिसीव्हर दर आठवड्याला जास्त गुण घेतो? या क्रमाने तपासा

लक्षणं

अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएलच्या) फँटसी खेळात आपण खऱ्या खेळाडूंची कागदी टीम बनवतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. खालीलपैकी दोन-तीन गोष्टी तुमच्या फँटसी टीममध्ये वारंवार होत असतील तर पुढचं वाचा.

- बेंचवर (राखीव) बसवलेल्या वाइड रिसीव्हरने, म्हणजे फेकलेला चेंडू पकडणाऱ्या खेळाडूने, खेळवलेल्यापेक्षा जास्त गुण घेतले, आणि हे सलग काही आठवडे चाललंय.
- लाइनअपमधल्या (त्या आठवड्यात खेळवलेल्या) एका रिसीव्हरसमोर सरळ शून्य. नंतर कळतं की तो मैदानात उतरलाच नव्हता.
- गेल्या रविवारी २५ गुण घेतले म्हणून ज्याला आत घेतलं, त्याने या रविवारी तीन घेतले. ज्याला काढलं तो चमकला.
- सोमवार रात्रीचा खेळाडू ऐनवेळी बाहेर, आणि त्याच्या जागी घालायला कुणी उरलेलं नाही.
- शनिवारी शांतपणे लावलेली लाइनअप रविवारी सकाळी पुन्हा पुन्हा बदलली जाते.

मी न्यू जर्सीत राहते, आमच्या मराठी मित्रमंडळींची लीग सांभाळते आणि ऑफिसच्या लीगमध्येही खेळते. सप्टेंबर सुरू झाला की दर मंगळवारी लोकांचे स्क्रीनशॉट येऊ लागतात. त्यातले बहुतेक रिसीव्हरबद्दलचे असतात, आणि याला कारण आहे. चांगल्या रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) हातात एका सामन्यात १५-२० वेळा चेंडू येतो. चांगल्या रिसीव्हरकडे तो सात-आठ वेळा फेकला जातो, त्यातले पाच-सहा तो पकडतो. त्यात एखादा लांबचा निघाला तर आठवडा तुमचा, नाहीतर गेला. इतक्या कमी प्रसंगांवर गुण ठरत असतील तर आकडे वरखाली होणारच. शिवाय बहुतेक लीगमध्ये रिसीव्हरच्या दोन-तीन जागा आणि वर एक फ्लेक्स (ठरावीक दोन-तीन प्रकारांपैकी कुणीही चालेल अशी जागा) असतो, त्यामुळे दर आठवड्याचे सगळ्यात जास्त निर्णय इथेच घ्यावे लागतात.

आधी ठरवा: बिघाड खरंच आहे का?

तुमच्याकडे पाच रिसीव्हर आहेत आणि जागा तीन. पाचातून तीन निवडायचे १० मार्ग आहेत. सोमवारी रात्री सगळे सामने संपल्यावर त्या १० पैकी एकच निवड सर्वोत्तम ठरते. उरलेल्या नऊंपैकी कुठलीही केली असती तरी बेंचवरचा कुणीतरी आतल्या कुणापेक्षा सरस दिसलाच असता. म्हणून ‘बेंचवर गुण राहून गेले’ हे एकटं लक्षण बिघाड सिद्ध करत नाही. ते प्रत्येकाच्या टीममध्ये, लीग जिंकणाऱ्याच्या टीममध्येसुद्धा, जवळपास दर आठवड्याला दिसतं.

खरा प्रश्न वेगळा आहे. लाइनअप लॉक होण्याआधी (बदल बंद होण्याआधी) जी माहिती हाताशी होती, तिच्यावरून तो निर्णय चुकीचा दिसत होता का? गेल्या चार-पाच आठवड्यांच्या लाइनअप उघडा आणि ज्याला बसवलं त्याच्या नावापुढे कारण लिहा. ‘जखमी होता’, ‘चेंडू कमी येत होते’, ‘क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) बदलला’ अशी कारणं असतील आणि तरीही तो चमकला असेल तर दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नाही. ‘गेल्या आठवड्यात फ्लॉप गेला म्हणून’ किंवा ‘मनातून वाटलं म्हणून’ अशी कारणं जास्त निघाली, तर बिघाड आहे आणि तो बरा होतो.

आता तपासण्या. पहिल्या तिघींना मिळून दहा मिनिटं पुरतात आणि एक पैसा लागत नाही. मला येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात, म्हणून कंटाळा आला तरी त्या गाळू नका.

तपासणी १: तो खेळणार आहे का, आणि किती वाजता?

बाय वीक आधी बघा. एनएफएलच्या नियमित सीझनचे १८ आठवडे आणि सामने १७, म्हणजे प्रत्येक संघाला एक आठवडा सुट्टी. या सुट्ट्या साधारण पाचव्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पसरलेल्या असतात. सुट्टीवरच्या खेळाडूला खेळवणं हे सगळ्यात स्वस्तात टाळता येणारं शून्य आहे.

मग दुखापतीचा अहवाल. रविवारच्या सामन्यासाठी संघ बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी सरावाची नोंद देतात: पूर्ण सराव, मर्यादित सराव, सराव नाही. इथे एका दिवसाच्या नोंदीपेक्षा दिशा महत्त्वाची. बुधवारी गैरहजर, गुरुवारी मर्यादित, शुक्रवारी पूर्ण असा चढता क्रम असेल तर निर्धास्त खेळवा. बुधवारी तर अनेक अनुभवी खेळाडूंना नुसती विश्रांतीच दिलेली असते. उलट बुधवारी पूर्ण सराव आणि शुक्रवारी गैरहजर असेल तर सावध व्हा, कारण सरावात काहीतरी दुखावलंय. ‘क्वेश्चनेबल’ शेरा असलेले बरेच जण खेळतात, ‘डाउटफुल’ असलेला जवळपास कधीच खेळत नाही. हॅमस्ट्रिंगची दुखापत असेल तर मी आणखी एक पायरी सावध राहते. तो मैदानात उतरतो, पण पूर्ण वेगाने धावू शकत नाही, आणि संघ त्याला मोजकाच वेळ ठेवतो.

शेवटचा शब्द सामन्याच्या दीड तास आधी येतो. कोण खेळणार नाही याची यादी तेव्हा जाहीर होते. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे दुपारी १ च्या सामन्यांची यादी ११:३० ला येते. त्या वेळी पाच मिनिटं फोन हातात असणं ही या खेळातली सगळ्यात फायद्याची सवय आहे. पुण्या-मुंबईतून खेळत असाल तर ही यादी रात्री ९ ला येते आणि सामने १०:३० ला सुरू होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, तेव्हापासून दोन्ही वेळा एक तास पुढे. भारतातल्यांना खरा फटका गुरुवारच्या सामन्याचा बसतो. तो तिथे शुक्रवारी पहाटे पावणेसहाला (घड्याळं मागे गेल्यावर पावणेसातला) सुरू होतो, म्हणून त्या सामन्यातल्या खेळाडूंचा निर्णय झोपायच्या आधी झालेला असायला हवा.

दोन सापळे लक्षात ठेवा. लंडन किंवा जर्मनीतले सामने न्यूयॉर्कच्या सकाळी ९:३० ला सुरू होतात, कॅलिफोर्नियात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. आणि थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी एक नाही, तीन सामने असतात, २०२३ पासून शुक्रवारीही एक असतो. पाहुण्यांच्या गडबडीत त्या आठवड्यात निम्मी लीग लाइनअप लावायला विसरते.

तपासणी २: तुमच्या लीगचे नियम

‘कुणाला खेळवू?’ असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, पकडलेल्या चेंडूला गुण आहे का? निम्म्या लोकांना ते सांगता येत नाही. पीपीआर लीगमध्ये प्रत्येक झेलाला १ गुण, हाफ पीपीआरमध्ये अर्धा, जुन्या पद्धतीत शून्य. चेंडू पुढे नेलेल्या १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला) ६ हे बहुतेक ठिकाणी सारखंच.

आता दोन रिसीव्हर घ्या. एकाने आठ चेंडू पकडून ६४ यार्ड केले. दुसऱ्याने तीन पकडून ६० यार्ड आणि एक टचडाउन. पीपीआरमध्ये पहिल्याला १४.४ आणि दुसऱ्याला १५, म्हणजे जवळपास बरोबरी. जुन्या पद्धतीत पहिल्याला ६.४ आणि दुसऱ्याला १२, म्हणजे जवळजवळ दुप्पट. खेळ तोच, निर्णय मात्र वेगळा.

आमच्या इथल्या जायंट्सकडून खेळलेला वॉनडेल रॉबिन्सन याचं ठळक उदाहरण आहे. २०२४ मध्ये त्याने ९३ चेंडू पकडले, पण यार्ड ६९९ आणि टचडाउन तीनच. पीपीआर लीगमध्ये तो अनेक आठवडे लाइनअपमध्ये बसण्यासारखा होता, जुन्या पद्धतीच्या लीगमध्ये नव्हता. तुम्ही ज्या तज्ज्ञाची क्रमवारी वाचता ती कुठल्या पद्धतीची आहे हेही बघा. चुकीच्या पद्धतीची यादी वाचून लाइनअप लावणारे दर सीझनला भेटतात.

तपासणी ३: फ्लेक्सच्या जागेत कोण आहे?

ही अर्ध्या मिनिटाची दुरुस्ती आहे. ज्याचा सामना आधी, त्याला रिसीव्हरच्या जागेत ठेवा. ज्याचा सामना सगळ्यात शेवटी, त्याला फ्लेक्समध्ये. फ्लेक्समध्ये रिसीव्हर, रनिंग बॅक किंवा टाइट एंड यांपैकी कुणीही चालतो, त्यामुळे सोमवारी रात्री तो बाहेर पडला तर बदली खेळाडू शोधायला मैदान मोठं मिळतं. गुरुवारच्या खेळाडूला फ्लेक्समध्ये टाकलं की ती मोकळीक गुरुवारीच संपते. आणि सोमवारी खेळणारा रिसीव्हर शंकास्पद असेल तर त्याच सामन्यातला किंवा रविवार रात्रीचा एखादा पर्याय बेंचवर हवाच, मग तो कितीही साधा असो.

एक गोष्ट सेटिंगमध्ये बघून ठेवा. ईएसपीएन, याहू, स्लीपर यांवर सहसा प्रत्येक खेळाडू आपापल्या सामन्याच्या वेळी लॉक होतो, पण काही लीग पहिल्याच सामन्याला सगळ्यांना लॉक करतात. तुमची लीग त्यातली असेल तर वरचा सगळा परिच्छेद तुमच्या कामाचा नाही.

तपासणी ४: गुण बघू नका, टार्गेट बघा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी दुखणं आहे, तर नव्वद टक्के दोष इथे असतो. लोक गेल्या आठवड्याचे गुण बघून माणूस निवडतात. टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने त्या रिसीव्हरच्या दिशेने किती वेळा चेंडू फेकला. क्रिकेटमध्ये फलंदाजाला किती चेंडू खेळायला मिळाले हे जसं, तसं हे. सहाव्या क्रमांकावर येऊन चार चेंडूंत तीन षटकार मारणारा एखाद्या दिवशी चमकेल, पण दर सामन्यात धावा हव्या असतील तर तुम्ही सलामीवीरच निवडाल.

टचडाउन हा आकडा किती लहरी आहे बघा. डेट्रॉइटच्या कॅल्व्हिन जॉन्सनने २०११ मध्ये १६८१ यार्ड आणि १६ टचडाउन केले. पुढच्याच वर्षी त्याने १९६४ यार्ड केले, जो एका सीझनचा विक्रम ठरला, आणि टचडाउन मात्र पाच. माणूस तोच, संघ तोच, क्वार्टरबॅकही तोच मॅथ्यू स्टॅफर्ड. यार्ड वाढले आणि टचडाउन एक तृतीयांशावर आले. अशा आकड्यावर विसंबून पुढच्या रविवारचा निर्णय घेता येत नाही.

दुसरं उदाहरण मी सगळ्यांना दाखवते. ह्यूस्टनचा विल फुलर, २०१९, पाचवा आठवडा, अटलांटाविरुद्ध: १४ झेल, २१७ यार्ड, तीन टचडाउन. पीपीआरमध्ये ५३.७ गुण. त्या संपूर्ण सीझनमध्ये तो ११ सामने खेळला आणि त्याचे एकूण टचडाउन तीनच, म्हणजे तिन्ही त्याच दुपारचे. उरलेल्या १० सामन्यांत मिळून ३५ झेल आणि ४५३ यार्ड, सामन्यामागे साधारण आठ गुण. त्या एका रविवारनंतर ज्यांनी त्याला डोळे मिटून आत घेतलं, त्यांच्या हाती ते आठ गुण आले.

आता उलट बाजू. २०२३ मध्ये रॅम्सचा पुका नाकुआ हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पाचव्या फेरीत घेतलेला नवखा पोरगा होता. पहिल्या सामन्यात त्याला १५ टार्गेट, दुसऱ्यात २०. टचडाउन एकही नाही. पहिला टचडाउन चौथ्या आठवड्यात, इंडियानापोलिसविरुद्ध जादा वेळेत आला. ‘अजून टचडाउन नाही’ म्हणून त्याला बसवणारे थांबून राहिले, आणि तो १०५ झेल व १४८६ यार्ड करून गेला. टार्गेटने पहिल्याच रविवारी सगळं सांगितलं होतं.

मग प्रत्यक्ष काय करायचं? खेळाडूच्या पानावर मागच्या तीन-चार सामन्यांचे टार्गेट बघा. बहुतेक ॲपमध्ये ते फुकट दिसतात, नाहीतर प्रो-फुटबॉल-रेफरन्सवर आहेतच. सामन्याला आठ किंवा जास्त असतील तर तो आत, पुढचा विचार नको. सहा-सात असतील तर पुढच्या तपासण्या करा. चार किंवा कमी असतील तर गेल्या आठवड्यात त्याने कितीही गुण घेतलेले असोत, बाय वीकची भर म्हणूनच त्याच्याकडे बघा.

त्याहून खोलात जायचं असेल तर दोन आकडे आणखी. एक, संघाच्या एकूण टार्गेटमधला त्याचा वाटा. संघ सामन्यात साधारण ३० ते ३५ वेळा चेंडू फेकतो. त्यातला चौथा हिस्सा एकट्याला मिळत असेल तर तो अव्वल, पाचवा हिस्सा मिळत असेल तर भरवशाचा. दोन, संघ पास टाकतो तेव्हा हा किती वेळा पळत असतो. दर १० पासच्या खेळींपैकी आठ किंवा जास्त वेळा तो मैदानावर पळतोय म्हणजे तो पूर्णवेळ रिसीव्हर आहे. हा दुसरा आकडा मला फार प्रिय आहे, कारण तो गुणांच्या आधी हलतो. नवख्याचं पळणं निम्म्यावरून ऐंशी टक्क्यांवर गेलं की टार्गेट मागोमाग येतात. तेव्हा तो वेव्हरवर (कुणाच्याच टीममध्ये नसलेल्यांच्या यादीत) किंवा तुमच्याच बेंचवर गप्प बसलेला असतो आणि लीगमधल्या बाकीच्यांना पत्ता नसतो.

टार्गेट अचानक वाढले असतील तर कारण शोधा. बहुतेक वेळा बाजूचा मोठा खेळाडू जखमी असतो. तो या आठवड्यात परत येतोय का? नाकुआलाही सुरुवातीचे चेंडू संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी असल्यामुळे मिळाले होते. तो परतल्यावरही टिकला, पण सगळे टिकत नाहीत.

आणि ज्याला तुम्ही तुमच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत घेतलंय, जो धडधाकट आहे आणि ज्याचे टार्गेट शाबूत आहेत, त्याला दोन वाईट आठवड्यांमुळे बसवू नका. बेंचवरून ओरडणारे सगळ्यात वेदनादायक ४० गुण अशाच खेळाडूंचे असतात.

तपासणी ५: चेंडू फेकतो कोण?

टार्गेट ही संधी आहे, पण ती कुणाच्या हातून येते हेही बघावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मेटलाइफ स्टेडियमवर जेट्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचा अकिलीस (टाचेचा स्नायुबंध) चौथ्याच खेळीत तुटला. त्या वर्षी त्यांच्या गॅरेट विल्सनकडे १६८ चेंडू फेकले गेले, हा प्रचंड आकडा आहे. त्यातून झेल ९५, यार्ड १०४२ आणि टचडाउन तीन. इतक्या टार्गेटवर एखाद्या चांगल्या क्वार्टरबॅकबरोबर याहून कितीतरी जास्त निघालं असतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडने घरी बसलेल्या क्वार्टरबॅक जो फ्लॅकोला आणलं आणि डिसेंबरमध्ये तो बेधडक लांब फेकू लागला. सोळाव्या आठवड्यात अमारी कूपरने ह्यूस्टनविरुद्ध २६५ यार्ड आणि दोन टचडाउन केले. सोळावा आठवडा म्हणजे फँटसी प्लेऑफचे (बाद फेरीचे) दिवस. ज्यांनी सीझनभराची सरासरी बघून त्याला बसवलं ते बाहेर पडले, ज्यांनी क्वार्टरबॅक कोण आहे ते पाहिलं ते पुढे गेले. क्वार्टरबॅक बदलला की आधीच्या आठवड्यांची सरासरी बाजूला ठेवा आणि नव्याच्या हाताखालचेच सामने मोजा.

तपासणी ६: सामना कसा होईल?

यासाठी सट्टेबाजांचे आकडे वाचावेत, पैसे लावण्याची गरज नाही. दोन्ही संघांचे मिळून अपेक्षित गुण ४८ आणि एक संघ चारने वरचढ धरलेला असेल तर त्याला २६ आणि दुसऱ्याला २२ अपेक्षित आहेत. २४ च्या वरच्या संघाचा रिसीव्हर घ्यायला बरा, १८ च्या खालच्या संघाचा दुसरा-तिसरा रिसीव्हर टाळा. पण मागे पडणारा संघ जास्त पास टाकतो, म्हणून कमजोर संघाच्या पहिल्या रिसीव्हरला यावरून लगेच मोडीत काढू नका. दोन सारखे वाटणारे खेळाडू समोर असतील तेव्हाच ही तपासणी निर्णायक ठरते.

तपासणी ७: वारा

पाऊस आणि थंडीला लोक उगाच घाबरतात. पावसात बचाव करणाराही घसरतो. पास बिघडवणारी गोष्ट म्हणजे वारा. ताशी ३० किलोमीटरपर्यंत मी लक्षही देत नाही. त्याच्या वर, आणि विशेषतः झोत येत असतील तर, लांब पळणाऱ्या रिसीव्हरला बसवते, जवळचे चेंडू घेणाऱ्याला ठेवते. ६ डिसेंबर २०२१ च्या सोमवारी बफेलोत इतका वारा होता की न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सने संपूर्ण सामन्यात तीनच पास टाकले आणि तरी त्यांचा संघ १४-१० ने जिंकला. त्या रात्री त्यांच्या रिसीव्हरला खेळवणाऱ्यांकडे काय उरणार? हवामान सामन्याच्या दिवशीच बघा, बुधवारचा अंदाज रविवारी कामाला येत नाही. डेट्रॉइट, मिनियापोलिस, न्यू ऑर्लिन्स यांसारख्या ठिकाणी वर छप्पर आहे, तिथे ही तपासणी सोडून द्या.

तपासणी ८: समोरचा कॉर्नरबॅक

मुद्दाम इतक्या खाली ठेवली आहे. वेळ सगळ्यात जास्त हिच्यावर जातो आणि उत्तर सगळ्यात कमी वेळा बदलतं. बहुतेक कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारे बचावपटू) मैदानाच्या आपल्या बाजूला उभे राहतात, रिसीव्हर मात्र जागा बदलत असतो, आणि आतल्या बाजूने, स्लॉटमधून पळणाऱ्याला तर बाहेरचा मोठा कॉर्नरबॅक क्वचितच भेटतो. डेन्व्हरच्या पॅट्रिक सर्टनसारखे, एकाच रिसीव्हरच्या मागे मैदानभर फिरू शकणारे मोजकेच. तुमचा रिसीव्हर बाहेरच्या बाजूने पळणारा, टार्गेट सहा-सात, आणि समोर असा माणूस, हे तिन्ही जुळलं तरच बसवा. ‘हा संघ रिसीव्हरना सर्वात कमी गुण देतो’ ही यादी तर पहिल्या पाच-सहा आठवड्यांत वाचूच नका. इतक्या थोड्या सामन्यांत ते कुणाकुणाशी खेळले यावरच ती ठरलेली असते.

तपासणी ९: तुम्हाला किती गुण हवेत?

अवघड तपासणी हीच, कारण इथे खेळाडूपेक्षा स्वतःच्या परिस्थितीकडे बघावं लागतं. तुमच्या टीमच्या गुणांचा अंदाज त्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा २५ गुणांनी जास्त असेल तर तुम्हाला रॉबिन्सनसारखा हवा: दहा-बारा गुण, कंटाळवाणे पण हमखास. तुम्ही २५ ने मागे असाल तर त्या दहा गुणांनी काही होणार नाही. तेव्हा फुलरसारखा हवा, जो बहुतेक वेळा पडेल पण एखाद्या दिवशी सगळं उलटवेल. रविवारी रात्रीपर्यंत हे गणित बदलत राहतं, म्हणून सोमवारच्या फ्लेक्सचा निर्णय रविवारचे सामने संपल्यावर पुन्हा एकदा तपासा.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

नऊ तपासण्या करूनही दोन रिसीव्हर बरोबरीत असतील तर ते खरोखरच बरोबरीत आहेत. आणखी तासभर वाचून त्यात उत्तर सापडणार नाही. अनेक तज्ज्ञांच्या क्रमवारींची सरासरी देणारी यादी उघडा, तुमच्या लीगच्या गुणपद्धतीची निवडा, जो वर असेल त्याला घ्या आणि ॲप बंद करा. हे लोक दिवसभर हेच काम करतात, यादी शनिवार-रविवारी ताजी करतात. त्यानंतर लाइनअप बदलायची तर एकाच कारणाने: नवी बातमी आली.

दुखापतीबद्दल स्वतः डॉक्टर होऊ नका. व्हिडिओत पाय कसा वळला ते बघून निदान करणारे पुष्कळ आहेत. संघासोबत रोज सरावाला हजर असणारे स्थानिक पत्रकार काय लिहितात ते वाचा, आणि खेळाडू किती आठवडे बाहेर राहील याचा अंदाज हवा असेल तर प्रशिक्षित वैद्यकीय माणसाने लिहिलेलंच वाचा.

खेळाडू लॉक व्हायला नको होता आणि झाला, ॲपने बदल घेतला नाही, गुण चुकीचे दिसतात, अशा गोष्टी लाइनअपच्या निर्णयात मोडत नाहीत. स्क्रीनशॉट काढा आणि लगेच लीगच्या कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) कळवा, त्याच्याही हातात नसेल तर ॲपच्या मदत विभागाला. आठवड्याच्या मध्यात अधिकृत आकड्यांत दुरुस्त्या होतात, तेव्हा एका यार्डाने हरलेल्यांनी बुधवार-गुरुवारपर्यंत वाट बघावी.

शेवटची गोष्ट पैशांची. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि फँटसी खेळही त्यात आले, म्हणून तिथल्यांनी फुकटच्या लीगमध्येच खेळावं. अमेरिकेत पैशांच्या लीग चालतात. पण हरलेलं भरून काढायला तुम्ही पैसे वाढवत असाल, घरच्यांपासून आकडा लपवत असाल, किंवा रविवारच्या रात्री झोप येत नसेल, तर कुठल्या रिसीव्हरला खेळवायचं हा प्रश्न बाजूला ठेवा आणि १-८००-४२६-२५३७ ला फोन करा. जुगाराच्या त्रासासाठीची ही अमेरिकेतली मदतवाहिनी आहे. फोन फुकट आहे आणि बोलणं गोपनीय राहतं.